वार्धक्यातील आरोग्य : सात रस्ता ओलांडण्याचे बळ

सोलापूरकरांना सात रस्ता या चौकाची वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. नावाप्रमाणेच तेथे अनेक दिशांचे रस्ते एकत्र येतात आणि रिक्षा, दुचाकी, बस व मालवाहू टेम्पो यांची वर्दळ दिवसभर सुरू असते. तरुण माणूस हा चौक फारसा विचार न करता ओलांडतो. पंच्याहत्तरीतील व्यक्तीला मात्र त्यासाठी कितीतरी गोष्टींची साथ लागते. पायांत बळ हवे, शरीराचा तोल हवा, वाहन किती दूर आहे हे सांगणारी नजर हवी, भोंगा ऐकणारे कान हवेत, क्षणात निर्णय घेणारे मन हवे आणि पाऊल उचलण्याचा धीरही हवा. यांपैकी एक जरी उणे पडले, तरी माणूस रस्त्याच्या अलीकडेच थांबतो. आणि अलीकडे थांबलेल्या माणसाचे जग हळूहळू लहान होत जाते. बँक, भाजी, दवाखाना, मित्राचे घर, प्रार्थनेचे स्थान हे सर्व ‘कोणी नेले तर’ या तीन शब्दांवर अवलंबून राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली निरोगी वार्धक्याची जी व्याख्या केली, तिचा आशयही हाच आहे. निरोगी वार्धक्य म्हणजे रोगांचा संपूर्ण अभाव नव्हे, तर आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी करता येण्याची क्षमता वाढवणे व टिकवणे, असे ती सांगते. मधुमेह व रक्तदाब असूनही जी व्यक्ती औषधे घेते, स्वतः चालते, चारचौघांत मिसळते, ती या अर्थाने निरोगी आहे. उलट, तपासणीचे सर्व आकडे चांगले असूनही जी घराबाहेर पडत नाही, तिच्या आरोग्याकडे लक्ष देण्याची गरज आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर केले आहे.

या उद्दिष्टासाठी आज ‘समग्र उपचार’ आणि ‘जीवनशैली मार्गदर्शन’ हे दोन शब्द वारंवार कानी पडतात. त्यांत पुष्कळ तथ्य आहे, तसाच काही धोकाही आहे. ते तथ्य कोणते आणि धोका कोणता, याचा विचार आपण प्रस्तुत लेखात सोलापूरच्या संदर्भात करणार आहोत.

समग्र म्हणजे काय?

माणसाकडे केवळ एखादा बिघडलेला अवयव म्हणून न पाहता संपूर्ण व्यक्ती म्हणून पाहणे, हा समग्र दृष्टीचा गाभा होय. ही कल्पना आपल्याला परकी नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग वार्धक्याचा विचार करते. त्यास रसायन किंवा जराचिकित्सा असे म्हणतात. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य म्हणजे संयमी आचरण, हे शरीराला आधार देणारे तीन उपस्तंभ चरकसंहितेत सांगितले आहेत. रसायनातही केवळ औषधी द्रव्ये येत नाहीत. सत्य बोलणे, क्रोध टाळणे, वेळेवर झोपणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे या वर्तनालाही तेथे ‘आचार रसायन’ असे नाव आहे.

आधुनिक महाराष्ट्रातही या विचाराची केंद्रे उभी राहिली. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. सोलापूरहून पुण्याला जाताना उरुळी कांचन हे स्थानक लागते. तेथे मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी काही दिवस राहिले आणि खेड्यातील गरिबांसाठी निसर्गोपचाराचे काम सुरू झाले. गांधीजी पुढे निघून गेले; मणिभाई देसाई मात्र तेथेच राहिले आणि त्यांनी ते काम वाढवले. या प्रयोगातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वच्छता, साधा आहार, सूर्यप्रकाश, पाणी, व्यायाम आणि मनाची शांती ही तेथील साधने गरिबाच्या आवाक्यातील होती.

आज मात्र ‘समग्र’ हा शब्द बाजारातही उतरला आहे. महागडी पावडर, पंचवीस हजारांचे शिबिर, ‘एका महिन्यात गोळ्या बंद’ अशी जाहिरात हे सर्व त्याच नावाने खपवले जाते. म्हणून आपण एक कसोटी मनाशी बाळगावी. जो उपचार माणसाच्या जीवनातील तुटलेल्या गोष्टी जोडतो, तो समग्र. जो एक गोष्ट हाती देऊन बाकी सर्व सोडावयास सांगतो, तो समग्र नव्हे.

मार्गदर्शनाचा खरोखर उपयोग होतो काय?

‘चाला, कमी खा, काळजी करू नका’ हा उपदेश सर्वांनाच ठाऊक असतो. प्रश्न आहे तो पाळण्याचा. येथेच जीवनशैली मार्गदर्शकाचे काम सुरू होते, आणि त्याचा उपयोग मोजून पाहिला गेला आहे.

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ व्यक्तींवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. काहींना मेटफॉर्मिन ही गोळी दिली गेली. काहींना प्रत्येकी एक मार्गदर्शक मिळाला. सुरुवातीच्या सहा महिन्यांत त्याच्याबरोबर सोळा पाठ, आठवड्याला १५० मिनिटांची चाल आणि वजनात सुमारे सात टक्के घट, असे त्यांचे उद्दिष्ट होते. गोळीने मधुमेहाचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले, तर जीवनशैलीतील बदलाने ५८ टक्क्यांनी. विशेष म्हणजे, साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींमध्ये हा लाभ ७१ टक्के इतका होता. ‘आता या वयात काय बदलणार?’ असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगले उत्तर कोणते? चेन्नईतील अशाच अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ साली आले, मध्यमवयीन भारतीयांमध्येही जीवनशैलीतील बदलाने मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले.

बुद्धीच्या बाबतीतही असेच दिसते. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयोगटातील १,२६० व्यक्तींपैकी निम्म्या व्यक्तींना दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-साखरेची देखरेख असा एकत्रित कार्यक्रम दिला गेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची एकूण विचारशक्ती केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारली. अमेरिकेत त्याच धर्तीवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ साली आले. तेथे दोन गट होते. एका गटाच्या दोन वर्षांत ३८ सामूहिक बैठका झाल्या, दुसऱ्याच्या केवळ सहा. सुधारणा दोन्ही गटांत झाली. परंतु ज्यांना नियमित सोबत व पाठपुरावा मिळाला, त्यांची अधिक झाली.

या सर्वांतून एक साधी गोष्ट निष्पन्न होते. या अभ्यासांत कोणतेही अद्‌भुत द्रव्य नव्हते. होते ते साधे अन्न, चालणे, तपासणी आणि ‘गेल्या आठवड्यात कसे जमले?’ असे आपुलकीने विचारणारा कोणीतरी.

श्रमांच्या खुणा

समग्र दृष्टी माणसाचे गतायुष्यही विचारात घेते. सोलापूर हे गिरण्यांचे, यंत्रमागांचे आणि विडीचे शहर. आज जे सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत, त्यांपैकी अनेकांनी उमेदीची वर्षे मागाच्या खडखडाटात आणि कापसाच्या तंतूंत घालवली. अनेक मातांनी मांडीवर सूप घेऊन, तासन्‌तास एकाच बैठकीत विड्या वळून संसार उभे केले. त्या श्रमांच्या खुणा आता देहावर दिसतात, आणि आपण त्यांना सरसकट ‘वय झाले’ असे म्हणतो.

मागाच्या सततच्या आवाजाने कानाची श्रवणशक्ती कायमची कमी होऊ शकते. कापसाच्या धुळीने फुफ्फुसांचा विशिष्ट आजार होतो; त्यास बिसिनोसिस म्हणतात. तंबाखूची भुकटी श्वासावाटे व त्वचेवाटे विडी कामगारांच्या शरीरात जाते, आणि एकाच बैठकीतील कामाने मान, कंबर व गुडघे आखडतात. म्हणून डॉक्टर, वैद्य वा मार्गदर्शक यांच्याकडे गेल्यावर आपण आयुष्यभर कोणते काम केले, हे आवर्जून सांगावे. जो ते विचारतो, त्याची दृष्टी समग्र आहे असे समजण्यास हरकत नाही. मिश्री, तंबाखू व विडी सोडण्यासाठी कोणतेही वय उशिराचे नसते, हेही येथेच नमूद करावेसे वाटते.

ताटातील आरोग्य

आहाराच्या बाबतीत सोलापूर जिल्हा भाग्यवान आहे. येथील ज्वारीला मोठी परंपरा असून मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि तितकेच तंतू असतात. तंतूंमुळे पोट साफ राहते व रक्तातील साखर एकदम वाढत नाही. तरीही भाकरी कितीही खावी असा याचा अर्थ नाही. मधुमेह असलेल्यांनी भाकरीची संख्या मोजलीच पाहिजे.

वृद्धांच्या ताटात सर्वांत जास्त उणीव असते ती प्रथिनांची. दात नाहीत म्हणून माणूस चहा-बिस्किट, चहा-खारी यांवर येतो. आणि स्नायू झिजत जातात. वाढत्या वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असावीत, असे तज्ज्ञांचे मत आहे. पन्नास किलो वजनाच्या आजींना ती साधारण पन्नास ते साठ ग्रॅम लागतील. वरण, आमटी, मटकीची उसळ, दही, ताक, अंडे, मासे आणि सोलापूरची प्रसिद्ध शेंगा चटणी यांतून ती मिळू शकतात. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कडक भाकरी चावत नसेल तर ती आमटीत चुरून खावी, पण कवळी बसवून घेण्याचेही मनावर घ्यावे. दातांची दुरुस्ती हा चैनीचा खर्च नसून अन्नाचाच भाग आहे.

दोन गैरसमज येथे दूर केले पाहिजेत. सैंधव मीठ हेही मीठच आहे. दिवसभरातील एकूण मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी असावे. लोणचे, पापड आणि चटणीतील मीठही त्यातच मोजावे. तसेच गूळ व मध हे साखरेचेच भाऊबंद आहेत. मधुमेह असलेल्यांनी त्यांना ‘नैसर्गिक’ म्हणून मोकळीक देऊ नये.

चाल, बळ आणि तोल

आपले बळ किती शिल्लक आहे, हे घरीच पाहता येते. जमिनीवर चार मीटर अंतर मोजावे आणि नेहमीच्या गतीने चालावे. त्यासाठी पाच सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर पायांचे बळ कमी झाल्याची ती खूण असू शकते. दुसरी चाचणी खुर्चीची. हात छातीशी धरून, खुर्चीवरून पाच वेळा उठावे व बसावे. पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर तेही दुर्बलतेचे लक्षण मानले जाते. चाचणीच्या वेळी शेजारी कोणीतरी उभे असावे.

केवळ चालणे पुरेसे नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ज्येष्ठांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावीच, शिवाय आठवड्यातून तीन वा अधिक दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम करावेत. ओट्याला धरून टाचा वर उचलणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकवून ती ढकलणे, आधाराजवळ एका पायावर काही क्षण उभे राहणे, एवढ्यानेही आरंभ करता येतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायाम पाच वेळा, मग सात, मग दहा. वाढ हळूहळू असावी, पण खंड नसावा.

ज्यांना जमिनीवर बसता येत नाही, त्यांना योग वर्ज्य नाही. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टे, दोर व लाकडी ठोकळे यांच्या साहाय्याने आसने सुलभ केली. त्यामुळे वृद्ध व आजारी व्यक्तींनाही ती करता येऊ लागली. २०१४ साली वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मात्र ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांनी पुढे खोल वाकणे टाळावे. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली करण्याची आसने करू नयेत.

पायांना मुंग्या येत असतील, तळवे कापसासारखे वाटत असतील किंवा तोल जात असेल, तर केवळ व्यायाम वाढवून भागणार नाही. शाकाहारी व्यक्तींमध्ये आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होण्याचा संभव असतो. साध्या रक्ततपासणीने ते कळते आणि उपचारही सोपा आहे.

ऊन, पाणी आणि झोप

सोलापूरचा उन्हाळा पारा चाळिशीपार नेतो. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर शरीरातील पाणी लवकर घटते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी पाणी प्यावे. हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याची मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. मार्च ते जून या महिन्यांत चालण्याची वेळ सकाळी सातच्या आत असावी.

सोलापूरकरांना वर्षानुवर्षे नळाचे पाणी काही दिवसांआड मिळत आले आहे. पाणी येण्याच्या दिवशी भरलेल्या घागरी, ओली फरशी आणि घाई यांची गाठ पडते, आणि नेमक्या अशाच वेळी वृद्ध माणसे पडतात. त्या दिवशी घागर उचलण्याचे काम तरुण हातांनी करावे. मोरीत खरबरीत फरशी, भिंतीला धरण्यासाठी दांडी आणि रात्री एक मंद दिवा, एवढा खर्च खुब्याच्या एका शस्त्रक्रियेपेक्षा फारच कमी आहे.

झोपेसाठी औषधांच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. झोपेच्या गोळ्यांमुळे वृद्धांमध्ये पडण्याचा धोका वाढतो. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाची असावी, सायंकाळनंतर चहा टाळावा आणि उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी.

कान, डोळे आणि सोबत

स्मृतिभ्रंशाविषयी लॅन्सेट आयोगाने २०२४ साली दिलेल्या अहवालात टाळता येण्याजोगी किंवा सौम्य करता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली आहेत. जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंशाचा संबंध त्यांच्याशी आहे. कमी ऐकू येणे, दृष्टी अधू होणे आणि सामाजिक एकाकीपणा ही त्यांपैकी तीन. आमच्या शहरात जुन्या मागवाल्याला कमी ऐकू येते तेव्हा घरचे मोठ्याने बोलतात, मग वैतागतात, मग बोलणेच कमी करतात. तोही मग गप्प बसतो. ज्याला आपण ‘स्वभाव बदलला’ म्हणतो, ते पुष्कळदा न दुरुस्त केलेले कान असतात. श्रवणतपासणी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हेही समग्र उपचारच आहेत.

सोबतीचे मोल औषधाहून कमी नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, चर्चमधील प्रार्थनागट, बागेतील कट्टा यांपैकी कोठेतरी आठवड्यातून दोनदा तरी जावे. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत. वृद्धाशी त्याच्या मातृभाषेत बोलणारी व्यक्ती जो सल्ला पोहोचवू शकेल, तो मोठ्या शहरातील ख्यातनाम तज्ज्ञही पोहोचवू शकणार नाही. ज्येष्ठांकडे काही काम असावे, हेही तितकेच महत्त्वाचे. नातवंडांचा अभ्यास घेणे, शेजारच्या एकाकी व्यक्तीची विचारपूस करणे अशा जबाबदारीने उठण्याला कारण मिळते.

गोळी परस्पर बंद करू नये

आता आपण धोक्याकडे वळू. समग्र उपचाराच्या नावाखाली सर्वांत मोठी हानी होते, ती चालू औषधे अचानक थांबवल्याने. रक्तदाबाला सहसा लक्षणे नसतात. गोळी बंद केल्यावर काही दिवस बरेच वाटते, आणि मग एके दिवशी पक्षाघाताने माणूस अंथरुणाला खिळतो. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर रक्तदाब वा हृदयाची गती उसळी मारते. इन्सुलिन थांबवणे तर प्राणावर बेतू शकते.

यातील दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. जीवनशैलीतील बदल खरोखरच यशस्वी झाला, म्हणजे वजन उतरले, चाल वाढली, मीठ घटले, तर पूर्वीचीच मात्रा जास्त होऊ शकते. मग साखर एकदम उतरते, उठताना चक्कर येते आणि माणूस पडतो. म्हणजे गोळी परस्पर बंद करणे घातक, आणि बदल करूनही डॉक्टरांना न सांगणे हेही घातक. औषध कमी होऊ शकते, कधी बंदही होऊ शकते; पण ते मोजमाप पाहून, लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या हातून झाले पाहिजे. मार्गदर्शक आणि डॉक्टर यांच्यामध्ये जी वही हवी, ती हीच : रोजचा रक्तदाब, साखर, वजन, चाल आणि घेतलेली औषधे.

वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, असेही मानू नये. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे मुंबईतील डॉक्टरांनी करोनाकाळात नोंदवली. कारले व मेथीचे अर्क मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास साखर जास्त उतरू शकते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. सांधेदुखीवर जादूसारखा आराम देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. याचा अर्थ आयुर्वेद टाकाऊ आहे असा नव्हे. नोंदणीकृत वैद्याकडे जावे, नाव व घटक लिहिलेले औषध घ्यावे आणि आपल्या सर्व औषधांची यादी प्रत्येक चिकित्सकाला दाखवावी, एवढाच याचा अर्थ.

मार्गदर्शक कसा निवडावा?

‘जीवनशैली प्रशिक्षक’ म्हणून काम करण्यासाठी भारतात कोणत्याही वैद्यक परिषदेची नोंदणी बंधनकारक नाही. डॉक्टर, वैद्य व होमिओपॅथ यांना मात्र ती लागते. म्हणून पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत.

१. आपले शिक्षण व नोंदणी कोणती?
२. माझ्या डॉक्टरांशी आपण बोलाल काय?
३. आपण सुचवलेली उत्पादने आपणच विकता काय?
४. सुधारणा कशाने मोजणार, आणि किती दिवसांनी?
५. माझी मिळकत, माझे घर आणि माझे अन्न यांत बसेल असा हा कार्यक्रम आहे काय?

मधुमेह, रक्तदाब, संधिवात समूळ बरा करण्याची हमी देणारी जाहिरात दिसली, तर तेथूनच परतावे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या १९५४ च्या कायद्याने अशा जाहिरातींना मनाई आहे.

आणि पैसे देऊन मार्गदर्शक नेमणे प्रत्येकास शक्य नाही, हेही खरे. पण वर उल्लेखिलेल्या अभ्यासांतील मार्गदर्शकाने जे केले, त्यातील बराच भाग घरातील नात, शेजारची सून किंवा समवयस्क मित्र करू शकतो. आठवड्याचा एक वार ठरवावा. वही उघडावी. तीन प्रश्न विचारावेत : किती दिवस चाललात? औषध चुकले काय? कोणाला भेटलात? चुकल्यास रागावू नये. पुढील आठवड्यासाठी एकच लहान संकल्प ठरवावा. आमच्या धर्मग्रामांतील व वस्त्यांतील युवकांनी प्रत्येकी एका ज्येष्ठाची अशी वही हाती घेतली, तर ती मोठी सेवा ठरेल.

हाताशी असलेली मदत

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालय आहे; तेथील तपासण्यांचा लाभ घ्यावा. सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डाची सोय झाली आहे. त्यातून कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते. त्यासाठी आधार कार्ड लागते. अडचणीत सापडलेल्या, उपेक्षा वा छळ सोसणाऱ्या ज्येष्ठांसाठी १४५६७ हा निःशुल्क राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. आईवडिलांचा सांभाळ करणे हे मुलांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे २००७ च्या कायद्याने स्पष्ट केले आहे. पण कायद्याने अन्न व औषध मिळेल. विचारपूस ही प्रेमानेच मिळते.

वार्धक्य हा रोग नाही आणि त्यावर एकच एक रामबाण औषधही नाही. योग्य अन्न, रोजची चाल, बळ व तोल राखणारा व्यायाम, पुरेशी झोप, कानाडोळ्यांची निगा, माणसांची सोबत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालील औषध या सात गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. त्या एकत्र आल्या तरच उपयोगी पडतात. वाचकहो, आपल्या घरातील ज्येष्ठांची वही या आठवड्यातच सुरू करावी. पहिल्या पानावर त्यांच्या सर्व औषधांची नावे लिहावीत, आणि दुसऱ्या पानावर त्यांना पुन्हा कोठे जावेसे वाटते, हे त्यांनाच विचारून लिहावे. तेथवर त्यांना स्वतःच्या पायांनी जाता यावे, हेच उपचारांचे उद्दिष्ट मानावे.